दर अपडेटला साइट आपटते म्हणता? पडली कशानं ते पहिले पाहा

"गूगलचं अपडेट आलं अन् आपली साइट गायब झाली भाऊ" हा मेसेज वर्षातून कितीदा येतो ते मोजणंच सोडलं आता. पाठवणारे सगळे आपलेच लोक, कोणाचं कृषी केंद्र, कोणाची वरूडकडं संत्रा कलमांची नर्सरी, कोणाचं ताडोबाच्या गेटजवळ होमस्टे, अन् "आजचे बाजारभाव" टाकणारी पोट्टी तं प्रत्येक तालुक्यात दोन-चार सापडतील. तक्रार सगळ्यांची एकच अन् उपायही सगळ्यांचा एकच, साइट खाली आली की त्याच रात्री बसून टायटल बदल, थीम बदल, जुनी पानं उडव, कोणाकडून तरी पैसे देऊन बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडं येणारी लिंक) घे. मंग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच, अन् आता तं कशानं पडली हेही कळायला मार्ग नाही कारण मधात पंधरा गोष्टी बदलून ठेवल्या.

इकडच्या ज्या साइटी "अपडेटनं पडल्या" म्हणतात त्यातल्या बऱ्याच अपडेटनं पडलेल्याच नसतात. सीझन संपलेला असतो, होस्टिंगचं काही झालेलं असतं, नाही तं वर गूगलनंच उत्तर देऊन टाकलेलं असतं. अन् ज्या खरंच अपडेटनं पडल्या त्यांचं दुखणं टायटलमध्ये नसतंच. म्हणून हात लावायच्या आधी निदान, अन् ते सगळं फुकटात सर्च कन्सोलवर होतं, म्हणजे आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्याच टूलवर. सर्च कन्सोल जोडलेलं नसेल तर आजच जोडा, कारण जोडल्यापासूनच डेटा जमा होतो, मागचा मिळत नाही.

पहिले तारखा जुळवा

गूगलचा सर्च स्टेटस डॅशबोर्ड म्हणून एक पान आहे, तिथे प्रत्येक मोठं अपडेट कधी सुरू झालं अन् कधी संपलं ते लिहिलेलं असतं. यूट्यूबवरच्या "मोठा धमाका" थंबनेलवर जाऊ नका, ते पान पाहा. २०२५ चंच घ्या, कोअर अपडेट, म्हणजे निकालांचा क्रम लावायच्या पद्धतीतले मोठे बदल, तीन जाहीर झाले: १३ ते २७ मार्च, ३० जून ते १७ जुलै, अन् ११ ते २९ डिसेंबर. म्हणजे अपडेट एका दिवसात येऊन जात नाही, दोन-तीन आठवडे चालतं, अन् २०२४ च्या मार्चवालं तर ४५ दिवस चाललं होतं. या काळात साइट आज वर उद्या खाली होतेच. गूगल स्वतः सांगतं की अपडेट पूर्ण झाल्यावर निदान एक आठवडा थांबा, मग सुरू व्हायच्या आधीचा आठवडा अन् संपल्यानंतरचा आठवडा समोरासमोर ठेवा. मधल्या दिवसांवरून काही ठरवू नका.

तुमची पडझड ५ ऑक्टोबरला सुरू झाली अन् त्या महिन्यात डॅशबोर्डवर काहीच नाही, तर अपडेटचं नाव घेऊ नका, दुसरीकडं शोधा. न सांगता केलेले लहान बदल अधेमधे चालूच असतात हे खरं, पण त्यांनी सहसा अर्धी साइट झोपत नाही.

आता जून-जुलैवाल्या तारखा पुन्हा पाहा. ३० जून ते १७ जुलै म्हणजे आपल्याकडं काय चालू असतं? पेरणी, दुबार पेरणीची धास्ती, कलमांची लागवड. ताडोबाचा कोअर भाग पावसाळ्यात बंद. म्हणजे सोयाबीन बियाण्याची पानं वर, होमस्टेची पानं खाली, अन् त्याच पंधरवड्यात अपडेट. एकाच आलेखात दोन गोष्टी मिसळल्या, अन् दोष द्यायला अपडेट सोपं पडतं.

चार आकडे, अन् त्यांचा एकमेकांशी मेळ

खरं निदान इथं आहे म्हणून जरा सावकाश वाचा. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्समध्ये वर चार डबे असतात: क्लिक, इम्प्रेशन (निकालात किती वेळा दिसलात), सीटीआर (दिसल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं) अन् सरासरी पोझिशन (निकालातला नंबर). बहुतेक लोक फक्त क्लिक पाहतात. चारही चालू करा, तारखेत "तुलना" घ्या, अन् मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या याच दिवसांशी तुलना करा. शेतीच्या साइटीला मागचा महिना म्हणजे दुसराच हंगाम असतो. सर्च कन्सोल डेटा १६ महिनेच ठेवतं, म्हणून दर काही महिन्यांनी शीटमध्ये उतरवून ठेवा, नाही तं तीन वर्षांचा सीझन कधीच दिसणार नाही.

मग पूर्ण साइटची सरासरी सोडून एकेक क्वेरी, म्हणजे लोकांनी शोधलेले शब्द, उघडा. समजा कलमांच्या नर्सरीची साइट आहे अन् क्वेरी आहे "नागपुरी संत्रा कलम किंमत". पोझिशन आधी ३ होती, आताही ३ आहे, पण इम्प्रेशन निम्मे. याचा अर्थ तुम्ही जागेवरच आहात, शोधणारेच कमी झाले. लागवड आटोपली, आता कोण कलम शोधेल? याला इलाज नाही अन् गरजही नाही. गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून तोच शब्द टाका, दरवर्षी तिथंच उतार दिसला तर विषय संपला. खेड्यापाड्याच्या शब्दांना ट्रेंड्सवर कधी कधी आकडेच येत नाहीत, तेव्हा "संत्रा" असा मोठा शब्द टाकून पाहा.

पोझिशन ३ वरून ११ वर गेली अन् इम्प्रेशन, क्लिक सगळंच पडलं, तर तो रँकिंगचा मामला. तारखा अपडेटशी जुळत असतील तर पुढं खऱ्या अपडेटवाल्या भागात या.

पोझिशन तीच, इम्प्रेशनही तेवढेच, पण क्लिक गेले. ही आताशा सगळ्यात जास्त दिसणारी पडझड आहे. ती क्वेरी स्वतः मोबाइलवर टाकून पाहा, वर काय येतं? एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयनं तयार केलेलं उत्तर, भारतात ऑगस्ट २०२४ पासून आहे, "संत्र्याची पानं पिवळी काहून पडतात" असल्या प्रश्नाला वरच उत्तर आलं की खाली कोण जातो. नाही तं नकाशा आला असेल, जाहिराती आल्या असतील, व्हिडिओची पट्टी आली असेल. तुमचं पान बिघडलेलं नाही, त्याच्या डोक्यावर कोणीतरी बसलं. असल्या पानाचं टायटल रोज बदलून काही होत नाही.

चौथा प्रकार तं लोकांना फारच घाबरवून गेला. सप्टेंबर २०२५ च्या मधात इम्प्रेशन एकदम कोसळले, सरासरी पोझिशन मात्र उलट सुधारली, अन् क्लिक जसेच्या तसे. राजेहो, यात तुमचं काहीच गेलं नाही. एका पानावर १०० निकाल दाखवायची जी जुनी सोय होती ती गूगलनं तेव्हा बंद केली. रँक तपासणारी टूल्स तीच वापरायची, त्यामुळे तुम्ही ७० व्या नंबरवर असले तरी इम्प्रेशन मोजलं जायचं, माणसानं पाहिलेलं नसूनही. ती खोटी गर्दी गेली. पण लक्षात ठेवा, त्या तारखेच्या आधीच्या इम्प्रेशनशी नंतरच्याची तुलना केली तर घसरण दिसणारच, तिथं फक्त क्लिक जुळवा.

साइट आहे का जागेवर?

हे पटकन पाहून घ्या, पण पाहाच. सर्च कन्सोलमध्ये पेजेसचा अहवाल उघडा, "इंडेक्स न झालेली" मध्ये, म्हणजे गूगलनं आपल्या यादीत न घेतलेल्या पानांत, अचानक वाढ आहे का. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंगमध्ये सर्च इंजिनला मनाई करायची एक टिक असते, साइट बनवताना कोणी लावली अन् तशीच राहिली किंवा थीम बदलताना कोणी पुन्हा लावली, असं होतं. डोमेन अन् एसएसएलची (सुरक्षित https ची) मुदत पाहा. स्वस्त होस्टिंगवाले बॉट फार येतात म्हणून गूगलबॉटलाच, म्हणजे साइटी वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामलाच, अडवून ठेवतात, ते सर्च कन्सोलच्या क्रॉल स्टॅट्समध्ये सर्व्हर एरर म्हणून दिसतं. यूआरएल तपासणी करून "लाइव्ह टेस्ट" मारली की दोन मिनिटांत कळतं.

मॅन्युअल अ‍ॅक्शन अन् सिक्युरिटी हे दोन टॅब वेगळे पाहा. कोअर अपडेट ही शिक्षा नसते, तिथं काही लिहून येत नाही. शिक्षा असली तर मॅन्युअल अ‍ॅक्शनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. अन् गूगलमध्ये "साइट" शब्द, कोलन अन् लागूनच आपलं डोमेन टाकून पाहा, जपानी अक्षरांची पानं दिसली तर साइट हॅक झाली आहे. फुकटची क्रॅक थीम टाकली की हे पाहुणे हमखास येतात. तिथं एसइओ (सर्चमध्ये वर येण्याची खटपट) नाही, साफसफाई अन् पासवर्ड बदलणं हे काम.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. बऱ्याच दुकानदारांनी गूगलच्याच बिझनेस प्रोफाइलमधून फुकटची एका पानाची साइट काढली होती, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली अन् जून २०२४ नंतर जुने पत्ते पुढं पाठवणंही थांबलं. व्हिजिटिंग कार्डावर अन् दुकानाच्या बोर्डावर तोच पत्ता अजून छापलेला असतो, अन् मालक म्हणतो अपडेटनं साइट गेली. दुसरं म्हणजे फाँट. डीटीपीवाल्याकडून कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर आणून साइटवर टाकला अन् तोच फाँट लावला तर डोळ्याला मराठी दिसतं, पण मागं रोमन अक्षरांचा कचरा असतो, गूगल तोच वाचतं. तो मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा, तिथं मराठी राहिलं तर युनिकोड, म्हणजे सगळीकडं वाचता येणारी अक्षरं, नाही तं बदलून घ्या. कोरलमध्ये बनवलेलं दरपत्रक फोटो म्हणून चढवणारेही तितकेच. फोटोतलं मराठी वाचून गूगल वर आणेल या भरवशावर राहू नका, दर खाली टाइप करा.

अन् हो, साइट मोबाइलवर उघडते का? गूगल आता साइट मोबाइलच्याच नजरेनं तपासतं, जुलै २०२४ पासून जी मोबाइलवर उघडतच नाही ती इंडेक्समध्येच घेत नाहीत. स्पीडचे आकडे आहेत, मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, टॅप केल्यावर २०० मिलिसेकंदात हलावं, पान उड्या मारू नये म्हणजे सीएलएस ०.१ च्या आत. पण लहान साइटीला सर्च कन्सोल "पुरेसा डेटा नाही" म्हणूनच सांगतं, त्यासाठी रात्र जागवू नका. फोनमधला जड फोटो आहे तसा चढवू नका अन् चार-चार देवनागरी फाँट लोड करू नका, एवढं बस.

आता खरंच अपडेटनं पडली असेल तर

तारखा जुळल्या, पोझिशन खाली, तांत्रिक सगळं ठीक. मग एकच काम, पडलेल्या पानांची यादी काढायची अन् प्रत्येक पानाला विचारायचं की या पानावर असं काय आहे जे वरच्या पाच निकालांत नाही.

बाजारभावाच्या साइटी घ्या, इकडं सगळ्यात जास्त मार यांनाच बसतो. आकडे सगळ्यांचे एकाच ठिकाणचे, पणन मंडळाचे नाही तं केंद्र सरकारच्या बाजारभाव साइटचे, म्हणजे अ‍ॅगमार्कनेटचे. विदर्भात १२० तालुके. तालुक्यागणिक कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा अशी चार पानं, रोजच्या तारखेची वेगळी, म्हणजे महिन्याला १४,४०० पानं. वर चार ओळी त्याच, "शेतकरी बांधवांनो, आज आपण पाहणार आहोत", मधात आकडा, खाली चार ओळी त्याच. पूर्वी हे चालायचं, लय चालायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलनं "हेल्पफुल कंटेंट" नावाचं अपडेट आणलं, मार्च २०२४ मध्ये ते कोअरमध्येच मिसळून टाकलं, अन् त्याच महिन्यात ठोक भावानं पानं काढण्याला सरळ स्पॅम धोरणात घातलं. पानं माणसानं लिहिली की एआयनं याच्याशी घेणं-देणं नाही, रँकिंगसाठी ढिगानं काढली का एवढंच पाहतात. म्हणून एआय लेखाची भाषा "मानवी" करून देणारी टूल्स घेऊन हा रोग जात नाही.

इथं दुरुस्ती अशी. एका बाजार समितीचं एका पिकाचं एकच कायमचं पान ठेवा, पत्ता बदलायचा नाही, रोज त्याच पानावर भाव भरायचा, खाली मागच्या काही आठवड्यांचा तक्ता. जुनी तारखेची पानं त्या पानाकडं ३०१ नं, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टनं, वळवा. सगळी उडवून टाकायची घाई नको, ज्यांना अजून क्लिक येतात ती शेवटी वळवा. अन् त्या पानावर तुमचं स्वतःचं काही हवं. भाव तं सगळ्यांकडं आहे, पण कास्तकाराला भाव पाहिल्यावर दुसरा प्रश्न असतो की मला एवढा भेटन का. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, ज्या भावानं घेतं तो लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ८,११० रुपये होता, पण तो ८ टक्के ओलाव्याला, त्याच्या वर कापून भेटते अन् १२ टक्क्यांच्या वर घेतच नाहीत. मग तुमच्या केंद्रावर मीटर कुठं लावतात, गाडीत वरचा अन् खालचा कापूस वेगळा निघाला तर काय करतात, नोंदणीला सातबाऱ्यावर पीकपेरा लागतो का, सकाळी किती वाजता गाड्या आत घेतात, हे तुम्ही तिथं उभं राहून लिहू शकता अन् पुण्यात बसलेला लिहू शकत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलनं आपल्या दर्जा तपासणीच्या मार्गदर्शिकेत "अनुभव" हा मुद्दा वाढवला तो हाच, प्रत्यक्ष केलेल्या माणसाचं लिहिलेलं.

होमस्टेवाल्यांचं दुखणं याच्याच भावाचं. "मोहर्ली गेट होमस्टे", "कोलारा गेट होमस्टे", "नवेगाव गेट होमस्टे", तीन पानं, गेटचं नाव सोडून अक्षर अन् अक्षर सारखं, अन् होमस्टे एकच, तोही एकाच गेटजवळ. याला डोअरवे पानं म्हणतात, स्पॅममध्येच येतात. ज्या गेटजवळ आहात त्याचं एक पान नीट करा, बाकीच्या गेटचं अंतर अन् पहाटेच्या सफारीला किती वाजता निघावं लागतं हे त्याच पानात लिहा. मंगळवारी ताडोबाच्या कोअर भागात सफारी बंद असते हे लिहिलेलं पान मला अजून फार कमी होमस्टेंच्या साइटीवर दिसलं आहे, अन् लोक सोमवारी रात्री येऊन बसतात.

नर्सरीवाल्यांना मी म्हणीन की माहितीचे सामान्य लेख सोडा. "संत्रा लागवड संपूर्ण माहिती" हे पान शंभर साइटींवर आहे अन् आता एआय ओव्हरव्ह्यू पण तेच सांगते. तुमच्याकडं खुंट कोणता आहे, जंबेरी की रंगपूर लाइम, डोळा जमिनीपासून किती उंचावर बांधला, मातृवृक्ष कुठले, डिंक्या रोग येऊ नये म्हणून वाफ्यात काय करता, यंदा किती कलमा शिल्लक आहेत, पिशवीतल्या की खुल्या मुळाच्या, अन् गाडीत भरून नांदेडपर्यंत पाठवता का. फोटो तुमच्या वाफ्यातले, टेप लावून डोळ्याची उंची दाखवणारे. कलम घ्यायला निघालेला माणूस हेच शोधतो, अन् याचं उत्तर वरच्या वर देऊन टाकणं एआयला जमत नाही कारण ते तुमच्याशिवाय कोणाकडं नाही. सोबत बिझनेस प्रोफाइल नीट भरा, नकाशावरची पिन शेतात नको, नर्सरीच्या फाटकावर ठेवा, सीझनमध्ये फोन उचला.

हे करू नका

अपडेट चालू असताना थीम बदलू नका. लेखाची तारीख नुसती आजची करू नका, आत काही बदललेलं नसेल तर त्याचा उपयोग नाही. मेटा कीवर्ड गूगल वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलं, तरी लोक तिथं "संत्रा, संत्री, संत्रे, सन्त्रा" भरत बसतात. एफएक्यूचे (नेहमीच्या प्रश्नोत्तरांचे) ते खाली उघडणारे डबे निकालात दिसावे म्हणून खटाटोप करू नका, ऑगस्ट २०२३ मध्येच गूगलनं ते मोजक्या सरकारी अन् आरोग्याच्या साइटींपुरते केले.

अन् "रिकव्हरी पॅकेज" विकणाऱ्यांचे फोन. अपडेट आलं की यांचा सीझन सुरू होतो, खताच्या लिंकिंगसारखंच आहे हे, पाहिजे एक अन् गळ्यात दुसरंच. हजार बॅकलिंक देतो म्हणतात. विकतच्या लिंकवर गूगलनं पेंग्विन अपडेट आणलं ते एप्रिल २०१२ मध्ये, तेव्हापासून हा धंदा खरेदी करणाऱ्यालाच महाग पडत आला आहे. आधीच घेतल्या असतील तर डिसअव्होचं, म्हणजे या लिंका मोजू नका असं गूगलला कळवायचं, टूल दिसलं म्हणून लगेच फायली चढवू नका, मॅन्युअल अ‍ॅक्शन असेल तरच त्याकडं जा, एरवी गूगल त्या लिंका मोजतच नाही.

किती दिवस लागतील

काही पानं सुधारल्यावर काही दिवसांत हलतात, पण पूर्ण साइटचं मत बदलायला महिने जातात, अन् बऱ्याचदा पुढच्या कोअर अपडेटलाच फरक दिसतो. म्हणून एक वही ठेवा नाही तं शीट, तारीख, कोणतं पान, काय बदललं, एवढ्या तीन रकान्यांची. एका वेळी एकाच प्रकारची पानं बदला, म्हणजे पहिले बाजारभावाची, मग बाकी. पुढचं अपडेट संपून आठवडा गेला की त्या पानांच्या क्वेरी पुन्हा मागच्या वर्षाशी लावून पाहा, पोझिशनसकट. वर आली असतील तर तेच काम पुढच्या पानांवर. हलली नसतील तर त्या क्वेरीचे वरचे पाच निकाल उघडून वाचा, टूलमध्ये टाकू नका, स्वतः वाचा, अन् तुमच्या पानावर काय नाही ते वहीत लिहा.